न विचारणारा किल्लीवाला

वाऱ्यानं दार आपटलं, लॅच लागलं आणि सुलभाताई पेठे जिन्यात अडकल्या. किल्ली आत, लेकीकडे न्यायची बॅग आत आणि बस चारची.

सोसायटीचे अध्यक्ष गद्रेसाहेब अशा प्रसंगांसाठीच निवृत्त झाले होते. त्यांनी आपला किल्लीवाला बोलावला. "एका मिनिटात उघडतो," म्हणत त्यानं हत्यारं काढली.

"राहू दे," सुलभाताई म्हणाल्या आणि शेजारच्या फोनवरून बाजारातल्या किल्लीवाल्या साळव्यांना बोलावलं. साळव्यांनी येताच शेजाऱ्यांना विचारलं, "घर यांचंच ना?" मग ताईंना म्हणाले, "दारामागे काय आहे, सांगा."

"हिरवी छत्री आणि मोडकं स्टूल."

दार उघडलं. छत्री दिसल्यावरच साळवी बाजूला झाले.

गद्रे कडाडले, "अर्धा तास घालवलात! माझ्या माणसात खोट काय होती?"

"घर कोणाचं, हे त्यानं विचारलं नाही, साहेब. आज माझ्यासमोर विचारलं नाही; उद्या माझ्यामागे कुणाला विचारणार?"

ताईंना बस मिळाली. संध्याकाळी गद्रेसाहेबांनी साळव्यांकडून स्वतःच्या दाराचं कुलूप बदलून घेतलं. जुनं साहेबांच्याच त्या माणसानं बसवलं होतं.