गळती सापडण्याचे दिवस

नव्या मचव्याची परीक्षा ठरवताना दोष सापडलाच तर तो काढण्यासाठी किती दिवस राखावेत, सांगाल?

गुणाजीने एकही राखला नव्हता.

बारा वर्षे तात्या मेस्त्रींच्या हाताखाली काढल्यावर त्याने स्वतःच्या जबाबदारीवर बांधलेला हा पहिला मासेमारीचा मचवा. नारळी पौर्णिमेला तो समुद्रात जाईल, असा शब्द त्याने देवळाच्या पायरीवर, साऱ्या गावासमक्ष, धाकू खारव्याला दिला होता. धाकूचा जुना मचवा मोडीत निघाला होता. घरातली सात तोंडे या नव्याकडे डोळे लावून बसली होती.

शब्द देताना माणूस देवाला साक्षी ठेवतो. अडचणीला मात्र जागा ठेवत नाही.

त्या किनाऱ्याची रीत अशी, की नवा मचवा धोंड्यांनी भरून खाडीत नांगरावा आणि आठ दिवस त्याचा तळ न्याहाळावा. गुणाजीने आठ दिवस बरोबर धरले होते. नववा दिवस पौर्णिमेचा.

सातव्या दिवशी सकाळी त्याने तळाचा एक धोंडा उचलला. तो खालून ओला होता.

गुणाजी तात्यांकडे गेला. ते खाडीकाठी तुळशीची माळ ओढत बसले होते. मचवा वर ओढून, वाळवून, सांधा उकलून पुन्हा भरायचा तर पंधरवडा हवा. आतून कापूस ठोकून वर डांबर फासले तर उद्याच काम होते, असे त्याने एका दमात सांगितले. ओल तळहाताएवढीच आहे, हेही सांगितले.

तात्यांनी माळ कपाळाला लावली.

"आठ दिवस कशासाठी ठेवले होतेस?"

"गळती शोधायला."

"आणि सापडली तर?"

"सापडणार नाही, असे धरले होते, तात्या."

"मग शोधत काय होतास, बाळा?"

तात्या उठले. वय पंचाहत्तर, गुडघे आखडलेले, पोहणे केव्हाच सुटलेले. गुणाजीच्या खांद्याचा आधार घेत ते मचव्यात उतरले आणि त्या ओल्या सांध्याशेजारी मांडी घालून बसले.

"उद्या कशाला? डांबर आत्ताच फास. आणि मला बाहेर खोल पाण्यात ने."

गुणाजीने नांगराचा दोर हातात घेतला...

तो त्याच्याने ओढवेना.

दुपारी तो धाकूच्या दारात उभा राहिला. दुरुस्तीला पंधरा दिवस आणि पुन्हा परीक्षेला आठ लागतील म्हणाला.

"मग पुनवेचा नारळ कुठे फोडू, मेस्त्री? तुमच्या डोक्यावर?"



पौर्णिमेला गाव वाजतगाजत किनाऱ्यावर आले, तेव्हा वाळूत कलंडलेल्या मचव्याखाली तो एकटाच सांधा उकलत होता. लोक त्याला ऐकू जाईल असे हसले. त्या सगळ्या दिवसांत धाकूच्या चुलीवरचा भात गुणाजीच्या घरच्या तांदळाचा होता.

मग पुन्हा आठ दिवसांची परीक्षा झाली. धोंडे कोरडे निघाले. गुणाजीने तात्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"शब्द मोडल्याचा माझा दंड राहिला आहे, तात्या."

तात्यांनी त्याच्या केसांत अडकलेला कापसाचा तुकडा हलकेच काढला.

"यापुढेही मचवा समुद्रात जायचा दिवस तूच सांगायचास..." ते म्हणाले. "प्रत्येक मचव्याच्या पहिल्या फेरीला आत मी बसेन."