हवेतलं कमळ

झाडं बोलायची थांबली आणि यंत्रं बोलू लागली, त्या काळची गोष्ट. विश्राम मेस्त्रींनी घरच्या पडवीत कॉम्प्युटरवर चालणारं नक्षीकामाचं यंत्र आणलं. भाचीच्या लग्नाच्या पाटावर कमळ कोरायचं होतं आणि सागवानाची फळी एकच होती.

"आधी फळीला टेकून बघ," धार लावून लावून आखूड झालेली म्हातारी पटाशी म्हणाली. "ती कुठे आहे ते तरी कळेल."

"आजी, मला अख्खं कमळ पाठ आहे," म्हणत यंत्र सुरू झालं. तासभर ते डौलात वळलं, पाकळी न् पाकळी फिरलं आणि ऐटीत थांबलं. "बघा!"

फळी कोरी करकरीत होती. कमळ तिच्या दोन बोटं वर, हवेत कोरून झालं होतं.

खिळ्यांचा डबा इतका हसला की सांडला. मेस्त्रींनी फळीवर कागद ठेवला, यंत्राचं टोक त्याला अलगद टेकवलं आणि म्हणाले, "इथून."

"आजी, तुम्ही नाही हसलात?" यंत्राने हळूच विचारलं.

"मेस्त्रींच्या डाव्या अंगठ्यावरचा वण बघ," पटाशी म्हणाली. "माझं पहिलं कमळ तिथे आहे."