पांढऱ्या रंगातला बंधू

एकदा एक अत्तराचे व्यापारी, आडनाव गंधे, कापडात गुंडाळलेली एक जुनी सागवानी फळी घेऊन एका वृद्ध कारागिराकडे आले. हे वृद्ध दुकानांच्या पाट्या घडवीत आणि सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. उभे आयुष्य कुंचला चालवून त्यांनी उतारवयात संगणक शिकून घेतला होता. आता अक्षरे पडद्यावर रेखली जात आणि एक यंत्र ती प्रखर किरणाने लाकडात कोरत असे. त्यांच्याकडे ऋजुता नावाची शिष्या शिकत होती. तिचा हात चांगला होता, बुद्धी त्याहून चांगली होती, आणि दोन्हींची तिला पुरेपूर कल्पना होती.

फळी गंध्यांच्या वडिलांच्या दुकानातली होती. तिच्यावर कुप्या मांडूनच वडिलांनी धंदा उभा केला होता आणि लाकडाला अजून वाळ्याचा वास येत होता. अशी फळी पुन्हा मिळायची नाही, जपून करा, असे गंध्यांनी बजावले. गुरुजींनी काम ऋजुताकडे सोपवले. एकटीने करायचे तिचे हे पहिलेच काम, आणि चुकले तर दुसरी फळी जगात नव्हती.

पाटीवर ‘गंधे आणि बंधू’ असे लिहायचे ठरले होते. ऋजुताने तसे सुरेख रेखलेही. मग मध्येच गंध्यांचे धाकट्या भावाशी बिनसले. ते स्वतः येऊन ‘आणि बंधू’ तेवढे काढा म्हणाले. कारण त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. ऋजुताने मनाशी म्हटले, गिऱ्हाइकाचा काय भरवसा? आज काढा म्हणतात, उद्या घाला म्हणतील. म्हणून तिने ते शब्द पुसले नाहीत, त्यांना पडद्यावरच्या पानासारखाच पांढरा रंग दिला. पांढऱ्यावर पांढरे दिसेनासे झाले. आपण किती श्रम वाचवले, याचे तिला कौतुकही वाटले.

कोरण्याच्या दिवशी गंधे समोर येऊन बसले. यंत्र सुरू करण्याआधी गुरुजींनी पडद्यावरचे सगळे एकदम निवडले. निवडलेल्या वस्तूंभोवती जी चौकट उमटते, ती ‘गंधे’पाशी थांबली नाही, पुढच्या कोऱ्या जागेतही लांबवर गेली. गुरुजींनी ते पाहिले. त्यांनी फळी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी त्याच मापाचा पुठ्ठा सरकवला.

ऋजुताला ते फार लागले. गिऱ्हाइकासमोर आपल्यावर एवढाही विश्वास नसावा, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

यंत्राने ‘गंधे’ नेटके कोरले. तिला हायसे वाटले. पण यंत्र थांबेना. ते कोऱ्या जागेवर सरकले, तिथे त्याने ‘आणि’ कोरले आणि मग ‘बंधू’. जळक्या पुठ्ठ्याचा वास खोलीत पसरला. गंध्यांचा चेहरा उतरला. ऋजुताने बाजूला ठेवलेल्या फळीकडे पाहिले.

“मी काढलं होतं, गुरुजी,” ती म्हणाली. “पडद्यावर कुठंच दिसत नाही.”

गुरुजींनी एक कळ दाबली. पडद्यावरचे सगळे रंग गेले आणि नुसत्या बारीक काळ्या रेघा उरल्या. रंगवलेल्या अक्षरांच्याही आणि लपवलेल्या अक्षरांच्याही. ‘बंधू’ आपल्या जागी जसाच्या तसा होता.

“रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो, बाळ,” गुरुजी म्हणाले. “यंत्राला रंग कळत नाही, रेघ कळते. तू शब्द पुसला नाहीस, पांढरा केलास. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. फळीला हात लावण्याआधी एकदा सगळे रंग उतरवून बघत जा. जे आहे ते ठेवायचं की काढायचं, हे मागाहून ठरव. पण ते आहे, हे आधी दिसू दे.”

ऋजुताने मान खाली घातली. मग ती पडद्यासमोर बसली आणि तिने दोन्ही शब्द निवडले. पुसायला आता एक कळ पुरे होती. बोट तिथवर गेले, पण तिने वळून गंध्यांना विचारले, “काढू ना, काका?”

गंधे पडद्यावरच्या रेघांकडे पाहत होते. गुरुजी बोलले होते शिष्येशी, ऐकले मात्र दोघांनी होते.

“वडिलांचं दुकान हलवलं तेव्हा ही फळी आम्ही दोघांनी उचलून आणली,” ते म्हणाले. “एक टोक त्याच्याकडं होतं.” मग उठत म्हणाले, “फळी आज राहू द्या इथंच. मी विचारून येतो.”

कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही. जाताना तो पुठ्ठा मात्र त्यांनी कापडात गुंडाळून नेला.

ऋजुताने ‘आणि बंधू’ला काळा रंग दिला आणि ती त्यांच्या येण्याची वाट पाहत बसली.