धावण्याचा अभ्यासक्रम

त्या राज्यात कुणालाच धावावं लागत नसे. वाघ कधीच डोंगरापलीकडे निघून गेला होता, आणि चारा कालव्याच्या पाण्यावर तरंगत ज्याच्या त्याच्या दारात येऊन लागत असे. दारात बसायचं, मान पुढे करायची आणि खायचं. मोठ्यांना हे सुख वाटे. लहानांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. हरणांची पाडसं शाळेचा चढ चढताना धापा टाकत, सशांची पिल्लं ओढा ओलांडायचा म्हटलं की रडायला लागत, आणि वानरांच्या मुलांना झाडाच्या शेंड्याकडे नुसतं बघितलं तरी गरगरत असे.

शेवटी एकदा वैद्यकी करणाऱ्या बगळ्याने दरबारात उभं राहून सांगितलं, "पोरांचे पाय काडीसारखे आणि पोटं माठासारखी झाली आहेत. वेळीच काही केलं नाही, तर पुढची पिढी उचलून न्यावी लागेल."

दरबार हळहळला. हळहळून झाल्यावर असं ठरलं की शाळेत शरीर आणि आरोग्य हा नवा विषय सुरू करावा. त्याचा अभ्यासक्रम आखायचं काम शेवंताबाईंकडे आलं.

शेवंताबाई भेकर जातीच्या हरिणी होत्या. अंगाने लहानशा, पायांनी चपळ, आणि आवाज असा की रानाच्या या टोकाला भुंकल्या तर त्या टोकाला पाखरं उडावीत. शाळेत त्या गणित शिकवत. पण मुलांना घरी सोडताना मुद्दाम ओढ्याकाठच्या लांबच्या वाटेने नेत, म्हणून पालक त्यांच्यावर जरा नाराजच असत. अशा बाईंना हे काम मिळालं, तेव्हा त्यांना वाटलं, आपलं नशीब उघडलं. त्यांनी भराभर आखणी केली. सकाळी माळावर धावणं. दुपारी ओढ्यात पोहणं. झाडावर चढणं, पडणं, पुन्हा चढणं. गोचिडी कशा काढाव्यात, कुठला पाला खावा, कुठला टाळावा. आणि सगळ्यात शेवटी, वयात येताना अंगात काय काय बदल होतात, हे मोठ्या मुलांना नीट समजावून सांगणं.

पण त्या दरबारात कुठलंही काम एकट्याला करू देत नसत. बाईंच्या मदतीला समिती नेमली गेली, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब कासव. वयाने राज्यात सगळ्यांहून थोर. त्यांनी बाईंची आखणी डोळे मिटून ऐकली आणि बऱ्याच वेळाने मान बाहेर काढली.

"बाई, शरीर वापरलं की झिजतं," ते म्हणाले. "माझ्याकडे बघा. मी जन्मात कधी घाई केली नाही. माझ्या बरोबरीचे पळणारे आज कुठे आहेत?"

"अप्पासाहेब, तुमच्या पाठीवर ढाल आहे. या पोरांच्या पाठीवर काय आहे?"

"म्हणूनच म्हणतो, त्यांनी जपून राहावं."

दुसऱ्या सदस्य साळिंदरबाई. मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांचे काटे कायम अर्धे उभे असत.

"पळताना पोर पडलं तर?" त्यांनी विचारलं.

"पडेल," शेवंताबाई म्हणाल्या. "आणि उठेल."

"उठलं नाही तर? आईबाप मला विचारतील!"

म्हणून माळावर मऊ गवत वाढू द्यावं असं ठरलं. गवत वाढलं, तेव्हा साळिंदरबाईंच्या लक्षात आलं की गवतात साप असू शकतो. मग गवत कापायचं ठरलं. गवत कापल्यावर जमीन उघडी पडली, आणि उघडी जमीन कडक असते, तेव्हा पोर पडलं तर? पुन्हा गवत वाढवायचं ठरलं. शेवंताबाई आळीपाळीने गवताकडे आणि साळिंदरबाईंकडे बघत राहिल्या. पावसाळा सरून हिवाळा लागला. अजून एकही पाडस माळावर धावलं नव्हतं.

तिसरे सदस्य पिंगळे गुरुजी. गोल डोळ्यांचं लहानसं घुबड, जुने परीक्षक. त्यांची अडचण वेगळीच होती.

"धावण्याला गुण कसे द्यायचे?" ते म्हणाले. "हरीण एका तऱ्हेने धावतं, ससा दुसऱ्या तऱ्हेने, बदक तर धावतं की नाही यावरच वाद आहे. तोलायचं कशात? त्यापेक्षा प्रश्न काढू. धावणे म्हणजे काय? पायाच्या हाडांची नावे सांगा. सकाळच्या हवेचे फायदे कारणांसह स्पष्ट करा. उत्तर बरोबर की चूक, वादच नको."

"गुरुजी, हवेचे फायदे सांगायला मुलं हवेत तर गेली पाहिजेत ना!"

"उत्तर पाठ असलं, की जायची गरज राहत नाही," गुरुजी समजुतीने म्हणाले, आणि बाईंना हे कसं कळत नाही याचं त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

चौथे मोरेराव. मोरच ते. त्यांना अभ्यासक्रमात काय असावं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना समारंभ हवा होता. वर्षाच्या शेवटी दरबारापुढे सगळ्या मुलांनी एका तालात शेपट्या वर कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. बेडकांच्या मुलांना शेपटी नसते, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं, तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी मनातल्या मनात करावी."

शेवंताबाईंच्या नाकी नऊ आले. त्या रोज समितीपुढे जात आणि रोज काहीतरी सोडून देऊन परत येत. आधी झाडावर चढणं गेलं. मग पोहणं गेलं, कारण पाण्यात ओलं व्हायला होतं. धावणं राहिलं, पण ते गुरुजींच्या प्रश्नांत राहिलं. प्रत्येक वेळी बाई स्वतःला सांगत, एवढं जाऊ दे, उरलेलं तरी वाचेल.

अशाच एका दुपारी शाळा सुटल्यावर गोंडा मागे रेंगाळला. गोंडा हे चितळाचं पोर. अंगापिंडाने आडदांड, पण गेले काही दिवस गप्प. डोक्यावर त्याने पळसाची पानं बांधली होती.

"काय रे, ही पानं कसली?" बाईंनी विचारलं.

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पानं सोडली. कपाळाच्या वर दोन बाजूंना दोन गाठी आल्या होत्या. त्यांवर चिखलाचा लेप वाळून तडकला होता.

"रात्रंदिवस खाजतं, बाई," तो म्हणाला. "आई रोज चिखल लावते आणि रडते. कुणाला सांगू नको म्हणते." मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "मी मरणार का?"

शेवंताबाईंना एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. त्या त्याच्याशेजारी खाली बसल्या.

"अरे वेड्या, शिंगं फुटताहेत तुला! तुझ्या बापाला होती, आजाला होती. आधी मऊ असतील, मखमलीसारखी. तेव्हा जपायची. मग टणक होतील. दर वर्षी गळतील, तेव्हा पुन्हा घाबरून माझ्याकडे येऊ नकोस. परत येतात ती."

गोंडाने गाठींना खूर लावून बघितला. मग म्हणाला, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

शेवंताबाई तशाच उठून समितीकडे गेल्या.

"बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा," त्या म्हणाल्या. "गवत कापा, वाढवा, शेपट्या नाचवा. पण वयात येण्याचा धडा ठेवा. माझ्या वर्गातलं एक पोर शिंग फुटतंय म्हणून मरणाची वाट बघत होतं."

शिंग हा शब्द ऐकताच अप्पासाहेबांनी मान, चारी पाय आणि शेपूट एकदम आत घेतलं. साळिंदरबाईंचे काटे ताठ उभे राहिले. मोरेराव पिसारा साफ करू लागले.

"असल्या गोष्टी घरी आईबाप सांगतात," पिंगळे गुरुजी म्हणाले.

"त्याच्या आईने त्याला चिखल बांधला आहे, गुरुजी!"

"मग चिखलाचे गुणधर्म हा प्रश्न घेता येईल."

शेवंताबाई अशा भुंकल्या की माळावरची पाखरं उडाली. पण ढालीच्या आतून अप्पासाहेबांचा आवाज आला, "बाई, जरा सबुरीने." आणि विषय संपला. धड्याच्या जागी दोनच वाक्यं आली: वय वाढते. ते वाढू द्यावे.

अभ्यासक्रम मंजूर झाला. मुलं माळावर रांगेत बसू लागली आणि धावण्याची व्याख्या पाठ करू लागली. सोडून जावं असं शेवंताबाईंच्या मनात रोज येई. पण गोंडासारखी आणखी चार पोरं शाळा सुटल्यावर मागे रेंगाळू लागली होती, त्यांना कोण सांगणार? म्हणून त्या राहिल्या. त्यांनी एक युक्ती काढली. माळाच्या कडेला मोठा वड होता. त्याची सावली जशी सरकेल, तसं त्या मुलांना म्हणत, "उठा, ऊन आलं. चला, तिकडे बसू." मग, "कोण आधी बसतं बघू." मुलं उठत, पळत, एकमेकांवर आदळत, हसत. महिनाभरात पाडसांची धाप कमी झाली.

साळिंदरबाईंना ते कळलं. मुलांना उन्हाचा त्रास होतो हे ऐकून त्या हळहळल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या माळावर गवताचं छप्पर घातलं गेलं. आता सावली कुठेच सरकत नव्हती. बाई छपराखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी कपाळ खांबाला टेकलं.

वर्ष संपलं, परीक्षा झाली. गोंडा नापास झाला. वय वाढले की काय होते, या प्रश्नाला त्याने आपल्या डोक्यावरचं सगळं खरंखुरं सांगितलं होतं. कापूस नावाच्या सशाच्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पायाच्या हाडांची नावं तो उलटीसुद्धा म्हणे.

समारंभ मोरेरावांच्या मनासारखा झाला. ओढ्याजवळच्या टेकाडावर समिती बसली. खाली माळावरच्या छपराखाली मुलांनी शेपट्या वर केल्या, काहींनी मनातल्या मनात. मग पिंगळे गुरुजींनी कापसाचं नाव पुकारलं. शेवंतीचा हार हातात घेऊन अप्पासाहेब वाट बघू लागले.

कापूस उठला. टेकाडाच्या पायथ्याशी आला. चार पावलं चढला आणि बसला. पुन्हा उठला, एक पाऊल चढला, आणि छाती धरून खाली घरंगळत आला. प्रेक्षकांत त्याची आई हुंदके देऊ लागली.

शेवंताबाई पुढे झाल्या. "त्याला वेळ द्या," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याबरोबर हळूहळू चालते. संध्याकाळपर्यंत चढेल तो."

"एवढं हुशार पोर!" साळिंदरबाई कळवळल्या. "त्याला कशाला त्रास?"

"हार खाली पाठवा," मोरेराव म्हणाले, "पण मग तो उंचावर दिसणार नाही."

समितीने तिथल्या तिथे बैठक घेतली. ठराव एकमताने मंजूर झाला. अप्पासाहेबांनी मान पूर्ण बाहेर काढली आणि पुढच्या पायांनी माती उकरायला सुरुवात केली. साळिंदरबाईंनी दगड लोटले. पिंगळे गुरुजी चोचीने ढेकळं फोडू लागले. मोरेराव पिसारा गुंडाळून तालात पाय मारू लागले. सगळे घामाघूम झाले, धापा टाकू लागले, पण कुणी थांबेना. खाली छपराच्या सावलीत मुलं नीट रांगेत बसून बघत होती. कापसाने दारातून आणलेला चारा तोंडात घातला, मांडी घातली, आणि टेकाड हळूहळू त्याच्याकडे खाली येऊ लागलं.