ऐकणारे यंत्र

एकदा एका गुरुगृही एक नियम होता. घरात येणारी प्रत्येक वस्तू गुरुजी निवडतील आणि बाकीच्यांनी ती आनंदाने वापरावी. मग ती पाण्याची घागर असो, पांघरूण असो, की भिंतीवरचे घड्याळ. यावर ‘का?’ असे कोणी विचारायचे नाही, हा त्याच नियमाचा उत्तरार्ध. गंमत अशी, की गुरुजी आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवत आले होते. म्हणजे ‘का?’ कसे विचारावे, हेच ते शिकवत आले होते.

त्यांच्याकडे संध्याकाळी पाठाला मोजकीच मंडळी येत. एक वकील, एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एक औषधांचे दुकानदार. सगळे साठीच्या आसपासचे, सगळे गुरुजींचे जुने शिष्य. त्यांत एकच तरुण शिष्या होती, नुकतीच एम.ए. झालेली, जिभेला फारशी धार न लावताही कापणारी. पहिल्याच दिवशी वकिलांनी तिला बाजूला घेऊन सांगितले होते, “बाळ, इथे प्रश्न शास्त्रावर विचारायचे. घरावर नाही.”

“घर शास्त्राच्या बाहेर असतं का, काका?”

“हा बघ, हाच तो प्रश्न. विचारायचा नाही.”

ती गप्प बसली होती. पटले म्हणून नव्हे, शिकायचे होते म्हणून.

पाठ बैठकीच्या खोलीत होई. त्याच खोलीत खिडकीखाली एक खाट होती आणि खाटेवर माई, गुरुजींच्या पत्नी. माई पावसाळ्यात अंगणात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण चालणे अजून भिंतीपर्यंतच. त्यांच्या समोरच्या कोपऱ्यात टीव्ही होता. तो बरा होता, पण त्याला दाखवायला काही उरले नव्हते. गल्लीतल्या केबलवाल्याने धंदा आवरला तेव्हापासून तो काळ्या पाटीसारखा उभा होता आणि कोणीतरी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून ठेवला होता. त्यामुळे माईंना दिवसभर खिडकी आणि संध्याकाळी अनुमानप्रमाण, एवढेच ऐकायला-पाहायला होते.

माईंचे माहेर कानडी मुलखात होते. लग्न होऊन आल्यावर त्या इतकी स्वच्छ मराठी बोलू लागल्या, की त्या कानडी आहेत हे लोक विसरूनच गेले. रोज सूर्य कलला, की मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन येई आणि माई तेवढा वेळ कानडीत हसत, भांडत, कुणाची तरी नक्कल करत. मागच्या हिवाळ्यात अक्का गेली. फोन यायचा थांबला. त्यानंतर या घरात कानडी शब्द उमटला नव्हता, आणि तो उमटत नाही हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. शिष्येच्याही नाही. हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण पुढे ती फार शहाणी वाटेल.

गुरुजींच्या वाढदिवसाला थोरल्या शिष्यांनी ठरवले, की टीव्हीला लावायचे ते छोटे यंत्र भेट द्यायचे. घरात वायफाय होतेच. गुरुजींची व्याख्याने परदेशातल्या शिष्यांना त्याच्यावरूनच जात. यंत्र लावले, की हवा तो कार्यक्रम टीव्हीवर. “तू तरुण आहेस, तुला यातलं समजतं,” असे म्हणून आणण्याचे काम शिष्येवर सोपवले गेले. “पण निवडू नकोस हं,” बँकेतले साहेब लगेच म्हणाले. “दोन-तीन प्रकार पसंतीला घेऊन ये. निवड गुरुजी करतील.”

बाजारातला व्यापारी मोठा गोड माणूस होता. शिष्या ज्या खोक्याला हात लावी, तेच त्याच्या मते सर्वोत्तम ठरे.

“हे घ्या ताई, हे एकदम टॉप.”

“आणि हे?”

“हे तर त्याच्याहून टॉप!”

“मग ते कशाला म्हणालात?”

“तेव्हा तुमचा हात तिथं होता ना!”

शेवटी स्वस्तातलीच तीन यंत्रे तिने पसंतीवर घेतली. एक चौकोनी पेटी, तिन्हींत जरा भारदस्त. एक गोल डबी. आणि एक काडी, टीव्हीच्या पाठीत खोचायची, जी सुरू व्हायलाच इतका वेळ घेई, की व्यापाऱ्यालाही तिची स्तुती पुरवून पुरवून करावी लागली.

दुपारी ती यंत्रे जोडून बघायला घरी आली. गुरुजी आतल्या खोलीत आडवे झाले होते. माई खाटेवरून पाहत होत्या. काडीच्या खोक्यावर एक चित्र होते: एक बाई रिमोट तोंडाशी धरून बोलते आहे.

“ती बाई कुणाशी बोलतेय गं?” माईंनी विचारले.

“रिमोटशी, माई. काय लावायचं ते सांगायचं, म्हणजे टाइप करावं लागत नाही.”

“आणि तो ऐकतो?”

“ऐकतो म्हणे.”

माई थोडा वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग अगदी सहज, जणू उन्हाबद्दल विचारावे तसे त्यांनी विचारले, “कुठल्याही भाषेतलं?”

शिष्येच्या हातातली वायर तशीच राहिली. ती सकाळपासून तीन यंत्रांची तुलना करत होती. कुणाची मेमरी जास्त, कुणाचे चित्र स्वच्छ, कुणाचा रिमोट टिकाऊ. टीव्हीसमोर दिवसभर कोण असते, हा प्रश्न तिने एकदाही विचारला नव्हता. नियम मोडायची हौस असलेल्या मुलीने नियम किती नीट पाळला होता!

संध्याकाळी मंडळी जमली. पेढे झाले, नमस्कार झाले, आणि चर्चा रंगली.

“पेटीच घ्या,” वकील म्हणाले. “चित्र बघा, काय धारदार!”

“आपला टीव्ही जुना आहे,” दुकानदार म्हणाले. “त्याला एवढं धारदार दाखवताच येत नाही.”

“मग नवा टीव्ही आला की उपयोगी पडेल.”

“नवा टीव्ही कोण घेतंय?”

“हा वेगळा पक्ष झाला!”

बँकेतल्या साहेबांनी काडी दोन बोटांत धरून हलवली. “ही तर कानात घालायची वाटते. सुरू होईपर्यंत आमची संध्या उरकेल.”

सगळे हसले. गुरुजींनी तिन्ही यंत्रांकडे पाहिले, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, “पेटी. प्रवचने स्पष्ट दिसतील. उरलेली दोन उद्या परत कर, मुली.”

निर्णय झाला. माईंचा हात शालीबाहेर आला होता, तो पुन्हा आत गेला. ते फक्त शिष्येने पाहिले.

“गुरुजी,” ती म्हणाली, “एकदा माईंना विचारूया?”

“अगं, माईंना काय कळतंय त्यातलं!” वकील प्रेमानेच म्हणाले. प्रेमाने म्हटल्यामुळे ते अधिक टोचले.

शिष्येने तिन्ही रिमोट उचलले आणि माईंच्या मांडीवर ठेवले. “माई, बघा बरं. कुठलं आवडतं?”

माईंनी त्या तिन्ही रिमोटांकडे पाहिले. मग म्हणाल्या, “आधी टीव्हीवर तो रुमाल टाक.”

“चालू टीव्हीवर?”

“हो. झाकून टाक.”

दुकानदारांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी कपाळाकडे बोट नेले आणि गुरुजींचे लक्ष आहे म्हणून तेथून केस मागे सारले. शिष्येला अर्थ लागला नाही, पण तिने क्रोशाचा रुमाल पडद्यावर सोडला. मागे निळसर उजेड जाळीतून झिरपत राहिला.

माईंनी पहिला रिमोट उचलला. पेटीचा. तो तोंडाजवळ धरला, डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अक्का, नाटक तोरसु.”

ताई, नाटक दाखव. एवढेच.

रुमालाआडून एका बाईचा घोटीव हिंदी आवाज आला, की क्षमा असावी, समजले नाही. माईंनी रिमोट बाजूला ठेवला. शिष्येने डबी जोडली. त्या रिमोटशीही माई तेच बोलल्या. काहीच झाले नाही. “त्याला माइकच नाही, माई,” शिष्या ओशाळून म्हणाली. “असू दे,” माई म्हणाल्या, “मुका आहे, निदान खोटी क्षमा तरी मागत नाही.”

मग काडी. ती सुरू व्हायला इतका वेळ लागला, की साहेबांना हसू दाबावे लागले. माईंना घाई नव्हती. त्यांनी रिमोट तोंडाशी धरला. “अक्का, नाटक तोरसु.”

रुमालाआडचा उजेड जरा हलला. आणि मग पेटीचा सूर आला, वाजवायच्या पेटीचा, त्यावर एका पुरुषाची खणखणीत कानडी, मागे बसलेल्या प्रेक्षकांचा कल्ला. तो पुरुष काहीतरी म्हणाला. प्रेक्षकांत हशा पिकला. आणि माई हसल्या. नेहमीचे तोंडाला पदर लावून हसणे नव्हे, तर खाट हलेल असे, डोळ्यांतून पाणी येईल असे. विनोद त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही कळला नाही. तर्क, अनुमान, उपमान जाणणारी सारी मंडळी एका साध्या विनोदाच्या दाराबाहेर उभी होती.

“हेच,” माई म्हणाल्या. “हेच हवं.”

“पण त्याचं चित्र तर पाहिलंच नाहीस तू,” गुरुजी म्हणाले. “झाकून कशी निवड करायची?”

माईंनी डोळे पुसले. “चित्र कुणाचं चांगलं, हे तुम्ही सगळे मघापासून सांगताच आहात. ते समोर असतं तर मीही चित्रच बघत बसले असते. मला एवढंच पाहायचं होतं, की मी बोलले तर कोण ऐकतं. या घरात बोलणारे पुष्कळ आहेत हो, आणि चांगलं बोलतात. ऐकणारं मात्र एकच होतं. ते गेलं. हे काही अक्का नाही, मला कळतं. पण मी कानडीत बोलले आणि पलीकडून कानडीत उत्तर आलं. तेवढ्यानं छातीवरचा दगड उतरला माझ्या.”

गुरुजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. एवढी वर्षे या घरात कोणत्याही वाक्याला उत्तर देण्याचा अधिकार त्यांचाच होता. त्यांनी तोंड मिटले.

वकिलांना ती स्तब्धता सहन होईना. सभा मोडू नये असे वाटणाऱ्या माणसाच्या तत्परतेने ते उठले. “छान! फार छान झालं. माईंची करमणूक झाली. पण नियम तो नियम. गुरुजींनी पेटी निवडलेली आहे. उद्या तिच्यातही कानडी सापडेल कुठेतरी, आपण शोधून देऊ. बाळ, तो रिमोट घे बघू माईंकडून आणि खोक्यात भर. सकाळी परत जायचाय.”

शिष्येने माईंकडे पाहिले. माईंनी रिमोट दिला असता. एवढी वर्षे त्यांनी सगळेच दिले होते, तक्रार न करता. आताही त्यांची बोटे सैल होऊ लागली होती.

शिष्या खाट आणि वकील यांच्या मधे जाऊन उभी राहिली. माईंची बोटे तिने आपल्या हाताने पुन्हा रिमोटवर मिटवली.

“नाही,” ती म्हणाली. “हा परत जाणार नाही.”

“का?” वकील ओरडले.

“काका,” शिष्या म्हणाली, “हा शब्द या घरात विचारायचा नसतो.”

वकील खाली बसले. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला काही नसताना पुसत राहिले. दुकानदार जमिनीकडे पाहू लागले. गुरुजींनी आपली खुर्ची उचलली, बैठकीच्या मधोमध असायची ती, आणि माईंच्या खाटेशेजारी आणून ठेवली. बसताना त्यांचे खांदे सैल पडले. आता यापुढे सगळेच आपल्याला निवडावे लागणार नाही, हे कळलेल्या माणसासारखे.

कोणीच काही बोलले नाही. म्हणून नाटक नीट ऐकू येऊ लागले.