उंबरा आणि भिंतीचा कान

फार पूर्वी, राजेलोक वेष पालटून प्रजेत हिंडायचा कंटाळा करू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट.

एका नदीकाठी एक तटबंदीचं नगर होतं. घरं मातीची, माणसं साधीच. पण तिथली एक रीत दूरदूरपर्यंत नावाजलेली होती. तिला म्हणत उंबऱ्याची रीत. कोतवालाला कुणाच्या घराची झडती घ्यायची झाली, तर त्याने दाराबाहेर जोडे काढायचे, दोन शेजारी बोलवायचे आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून मोठ्याने सांगायचं, ‘मी या घरात अमकी वस्तू शोधायला आलोय, आणि अमक्या कारणाने मला संशय आहे.’ शेजाऱ्यांना कारण पटलं, तरच घरची बाई ‘या’ म्हणायची. नाही पटलं, तर कोतवाल जोडे घालून आल्या वाटेने परत.

या रीतीमुळे एखादा चोर सुटायचाही, खोटं कशाला बोला. पण साव कधी पकडला जात नसे.

नगरातला राजा काही दुष्ट नव्हता. तो भित्रा होता, आणि भित्रा राजा दुष्टाहून फारसा बरा नसतो. त्याची म्हातारी आई राजवाड्याच्या मागच्या अंगाला एकटीच राहायची. तिच्या लेखी तो अजून रांगतच होता. भर दरबारात एकदा तिने ‘राजा, नाक पूस’ म्हटलं होतं, तेव्हापासून तिला दरबारात आणत नसत.

एके दिवशी राज्याभिषेकाचा कळसा हरवला. होता तांब्याचाच, पण सात पिढ्यांचे राजे त्यातल्या पाण्याने न्हाऊन गादीवर बसले होते. राजाच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याने कळसा नेला तो उद्या गादीही नेईल, असं त्याच्या मनाने घेतलं.

प्रधान म्हणाला, “महाराज, चोर काय चौकात उभा राहून बोलतो? तो घरात बोलतो, बायकोपाशी. भिंतीला कान असतात म्हणतात, पण आपल्या नगरातल्या भिंती ठार बहिऱ्या.”

“मग त्यांना कान पाडा,” राजा म्हणाला. मग थोडा घुटमळला. “पण उंबऱ्याची रीत?”

“आपण उंबरा ओलांडणारच नाही, महाराज. आपण भिंतीबाहेर बसणार. रीत मोडली कुठे?”

राजाला हे फार आवडलं. रीत न मोडता रीत मोडून देणारा माणूस दरबारात नेहमीच आवडतो.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. “ऐका हो ऐका! घराघराच्या मागच्या भिंतीला कान पाडला जाईल. त्यात कुणी बोळा कोंबू नये. ज्याच्या मनात पाप नाही त्याने भिऊ नये. कर नाही त्याला डर कशाला!”

लोकांनी माना डोलावल्या. खरंच की, कर नाही त्याला डर कशाला? म्हण इतकी घोटीव होती, की तिला उलटून काही विचारावं हे कुणाला सुचलंच नाही.

कान पाडायचं काम एका गवंड्याला मिळालं. हाताचा नेटका, मनाचा सरळ माणूस. तो भिंतीत भोक पाडायचा आणि भाजक्या मातीचं नरसाळं बसवायचा. रुंद तोंड घरात, निमुळतं तोंड मागच्या बोळात. बोळात राजाचा माणूस नरसाळ्याला कान लावून बसायचा. या माणसांना लोक कानकरी म्हणू लागले.

गवंडी सुईणीच्या घरी गेला, तेव्हा म्हातारीने दारातच त्याला अडवलं. “बाबा, मी आंघोळ दार लावून करते. ती काय मी चोरी करते म्हणून?”

गवंडी हसला. “आजी, तुझं काय ऐकायचंय कुणाला?”

“माझं नाही रे. माझ्याकडे लेकीसुना येतात, आईलाही सांगता येत नाही ते सांगायला. ते माझं नाहीच. मग ते मी राजाला कसं देऊ?”

“कर नाही त्याला डर कशाला, आजी,” असं म्हणत त्याने पहार उचलली.

म्हातारी बाजूला झाली. म्हणाली, “म्हण पाठ आहे तुला. तिचा अर्थ शिकायची पाळी तुझ्यावर न येवो.”

गवंड्याने स्वतःच्या घरालाही कान पाडला. बायको म्हणाली, “अहो, आपल्याही भिंतीला? मग आपण भांडायचं कुठे?”

“आपण काय चोर आहोत?” तो म्हणाला. “मनात येईल ते बोल, चांगलं खणखणीत बोल.” तिला ते पटलं. नवऱ्याचं म्हणणं तिला बहुतेक वेळा पटायचं.

हळूहळू नगर बदललं. नवरा-बायको भांडेनासे झाले. आता माया वाढली असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं, भांडणंही पोटात ठेवायची सवय लागली होती. सासुरवाशिणी जात्यावर मुक्याने दळू लागल्या. सुईणीकडे कुणी फिरकेना. म्हातारे गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबत आणि भिंतीकडे बघत. राजा गच्चीवरून म्हणे, “प्रधानजी, नगर किती शांत झालंय!” कळसा मात्र सापडला नाही.

एकच घर पूर्वीसारखं बोलत होतं, ते गवंड्याचं. त्यांना कशाचीच डर नव्हती.

गवंड्याला एकुलता एक मुलगा होता. बारशाचं नाव त्रिंबक, पण ते नाव बारशापुरतंच. आई त्याला ‘राजा’ म्हणायची. तशी त्या नगरातली प्रत्येकच आई आपल्या मुलाला राजा म्हणायची. राजा उठला, राजा रुसला, राजाने अंथरूण ओलं केलं. लाडाला दुसरा शब्द त्यांना माहीतच नव्हता.

पावसाळा सरता सरता त्या पोराला हिवतापाने धरलं. वैद्याने पुडी दिली आणि बजावलं, “औषध पोटात गेलंच पाहिजे, एकही पाळी चुकवू नका. ताप डोक्यात चढला तर माझ्या हातात काही नाही.” पुडी जहर कडू. पोर थुंकून टाकायचं, चमचा दिसला की दात आवळून घ्यायचं. आई रडकुंडीला आली. शेवटी पोराचा डोळा लागलेला पाहून ती पदर खोचून नवऱ्याला म्हणाली, आणि सवयीप्रमाणे खणखणीत म्हणाली, “आज राजाला काही सोडत नाही मी. दुधातून देते, गपचूप. एका घोटात काम होईल, त्याला पत्ताही लागायचा नाही.”

“आणि ओरडला तर?”

“तुम्ही हात धरा. तोंडाचं मी बघते.”

“वैद्यबुवांची पुडी पुरेल ना?”

“पुरेल. आज रात्री निकाल लागतोय बघा.”

बोळात बसलेल्या कानकऱ्याने हे शब्दन् शब्द ऐकलं. तो काही परमुलखातला नव्हता. राजा म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक होतं. त्याची स्वतःची आईही त्याला राजाच म्हणायची. उठून घरी निघून जावं, असं त्याला वाटलं. पण प्रधानाने पहिल्याच दिवशी कानकऱ्यांना दम दिला होता, “ऐकलेलं सांगायचं, समजलेलं सांगायचं नाही. तुमचं काम ऐकणं, समजून घेणं आमचं.” आणि आपल्या मागे आणखी कुणी कान लावून बसलं असेल तर? तो उठला, आणि त्याची पावलं राजवाड्याकडे वळली.

दिवेलागणीला शिपाई आले. कोतवालाने जोडे काढले नाहीत, शेजारी बोलवले नाहीत, काय शोधतोय ते सांगितलं नाही. तो सरळ उंबरा ओलांडून आत आला. दुधाची वाटी आणि पुडी त्याने ताब्यात घेतली आणि दोघांच्या मुसक्या बांधल्या.

“अहो, राजा म्हणजे माझं लेकरू!” आई ओरडली. “हे बघा, इथे निजलंय, तापाने फणफणलंय! तेवढं औषध तरी पाजू द्या!”

“आता महाराजांना लेकरू म्हणतेय,” कोतवाल म्हणाला. “जे काय असेल ते दरबारात बोल.”

पूर्वी अशा वेळी दोन शेजारी दारात उभे असत. त्यातल्या एकाने जरी ‘अहो, राजा म्हणजे त्यांचा मुलगा’ म्हटलं असतं, तरी कोतवाल परत फिरला असता. शेजारी घरातच होते. त्यांनी सगळं ऐकलं, आपापल्या भिंतीतल्या नरसाळ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? पण द्यावासा वाटतो.

एकटी सुईण आली. तिने पोराला मांडीवर घेतलं, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. पुडी शिपायांनी नेली होती, वैद्यालाही घरातून उचललं होतं. ती नगरातल्या दुसऱ्या वैद्याच्या दारी गेली. त्याने फट उघडून एवढंच सांगितलं, “त्याच औषधापायी एक वैद्य कोठडीत गेलाय, बाई. मला पोरंबाळं आहेत.”

इकडे राजाने दूध पिणं सोडलं होतं. आणखी कोण कोण सामील आहे हे कळल्याशिवाय सुनावणी नको, असं प्रधान म्हणाला. त्यात दिवस गेले. अखेर तिघांना दरबारात उभं केलं.

राजा म्हणाला, “वैद्या, हे विष कुणाच्या सांगण्यावरून दिलंस?”

वैद्याने पुडी मागितली. सगळ्यांच्या देखत ती जिभेवर टाकली आणि तोंड वेडंवाकडं करून गिळली. म्हणाला, “कडू आहे, महाराज. म्हणून तर मूल घेत नाही.”

“कुठलं मूल?” राजाने विचारलं.

इतके कान लावूनसुद्धा ही एवढी गोष्ट राजापर्यंत पोहोचली नव्हती.

सगळा उलगडा झाल्यावर राजाने कानकऱ्याला पुढे बोलवलं. “राजा म्हणजे तिचा मुलगा, हे तुला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं, महाराज.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“समजलेलं सांगायचं नाही, असा हुकूम होता.”

राजाची मान खाली गेली. पण राजाला चूक गिळणं त्या पुडीहून कडू. तो पोराच्या आईला म्हणाला, “बाई, तुम्हीही जरा जपून बोलायला हवं होतं.”

ती म्हणाली, “महाराज, चोर असते तर कुजबुजले असते. मनात काही नव्हतं म्हणून मोठ्याने बोलले.”

गवंड्याने हे ऐकलं. ‘खणखणीत बोल’ हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

तिघांना सोडून दिलं. ती धावत घरी आली. दारात सुईण बसली होती. तिने ‘या’ म्हटलं नाही, नुसती बाजूला सरकली. पोर आदल्या संध्याकाळीच गेलं होतं.

राजाने सगळे कान बुजवायचा हुकूम दिला. कामाला पुन्हा तोच गवंडी. घराघरात जाऊन तो मुकाट्याने भोकं बुजवायचा, वर गिलावा करायचा. स्वतःच्या घरचं भोक बुजवायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, “राहू द्या. आता कोण बोलणार आहे इथे?” त्याने ते तसंच ठेवलं.

उंबऱ्याची रीतही परत आणली. कोतवाल पुन्हा जोडे काढू लागला. पण भिंती बुजल्या तरी माणसं खुली झाली नाहीत. बोलताना ती अजून भिंतीकडे पाठ करायची. आणि त्या नगरात पुन्हा कुठल्याही आईने आपल्या मुलाला राजा म्हटलं नाही. सोन्या म्हणत, बाळा म्हणत, तो एक शब्द मात्र टाळत.

एकदा राजाचं कशात मन लागेना, तेव्हा तो पुष्कळ दिवसांनी आईच्या खोलीकडे गेला. पाहतो तर तिच्या देवघरात, देवांच्या शेजारी, चिंचेने घासून लखलखीत केलेला तांब्याचा कळसा! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण नगरात सगळ्यांना पाठ होती. पण त्या दिवशी दवंडीत दुसरीच म्हण पिटली गेली होती.

“आई, हा तुझ्याकडे कसा?”

“काळा पडला होता, म्हणून घासायला आणला. गुडघ्यांनी पुन्हा तिकडे जाववेना. कुणी न्यायला येईल म्हणून वाट बघत होते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही. माझ्याही भिंतीला कान पाडलात. पण मी एकटी, बोलणार कुणाशी?”

राजाला भडभडून आलं. लहानपणी टेकवायचा तसं त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि वाट पाहिली. ती एक हाक ऐकायला त्याचा जीव कासावीस झाला होता. म्हातारीचा हात त्याच्या केसांपर्यंत आला. मग तिने मान वळवून भिंतीवरच्या गिलाव्याच्या डागाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“उठावं, महाराज,” ती म्हणाली. “पानं वाढली आहेत.”

तात्पर्य, आणि हे तरी मोठ्याने सांगावं: दार चोरालाच लागतं असं नाही, सावालाही लागतं. जे राज्य उंबऱ्यावर थांबून विचारत नाही आणि भिंतीआडून ऐकतं, त्याला ऐकू सगळं येतं, कळत काहीच नाही.