समोरची तार

"...आणि यात मदत कुणाची झाली?" शिरगुप्पे सरांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, सर. सगळं माझं एकट्याचं."

रणधीरचे पाय जमिनीवर नव्हते. पाण्यातून हायड्रोजन काढायला महागडं प्लॅटिनम लागतं; या पठ्ठ्याने ते काम लोखंडाच्या काळ्या पुडीकडून करून घेतलं होतं. वर करंट, म्हणजे पर्यायाने निघणारा हायड्रोजन, रोज वाढतच होता. संध्याकाळी पेपर पाठवला की परदेशातली जागा पक्की.

सर काचेच्या भांड्यावर वाकले. आत आम्ल. एका कांडीच्या टोकाला रणधीरची पूड. समोर, सर्किट पुरं करायला, प्लॅटिनमची तार. या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तीच लावत आले होते.

"रोज वाढतो?"

"रोज, सर. पूड तरुणच होत चाललीय."

सरांनी तार काढली, धुतली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. तिच्या जागी ग्राफाइटची कांडी लावली.

"ताजी पूड लाव. आठवडाभर चालव."

"पण सर, पेपर आज..."

सर चहाला निघून गेले होते.

पहिल्या दिवशी करंट लहान, दर वेळी सुरुवातीला असायचा तसाच. दुसऱ्या दिवशी तेवढाच. तिसऱ्या दिवशीही वाढला नाही, तेव्हा रणधीरच्या लक्षात आलं. इतके दिवस ती तार आम्लात कणाकणाने विरघळत होती आणि त्याच्या पुडीवर जाऊन बसत होती. काम प्लॅटिनमचं, नाव लोखंडाचं. आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. पेपर त्याने स्वतःच बाजूला ठेवला.

पण सातव्या दिवशीही पडद्यावरची करंटची ती खुजी रेघ तसूभर खाली आली नव्हती; एवढं तरी लोखंडाचं स्वतःचं होतं. तिच्याकडे बघता बघता त्याला बरं वाटू लागलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

सकाळी तो सरांच्या खोलीत गेला.

"सर, आधीच्या करंटचा दहावा हिस्सा उरला."

"टिकला का?"

"टिकलाय की. त्याच्यावरच नवा पेपर लिहितोय."

"आणि परदेशातली जागा?"

"पुढच्या वर्षी बघू की, सर."

सरांनी रुमाल सोडून तार टेबलावर ठेवली.

"यात मदत कुणाची झाली?"

रणधीरने तार उचलली.

"तुमची, सर. आणि हिचीसुद्धा."

सर गालातल्या गालात हसले.

"आता खुशाल म्हण, सगळं माझं एकट्याचं."